चिंचेभोवतीचे कार्यालय : सांगलीतील एका पतसंस्थेच्या मुख्यालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतील एका सहकारी पतसंस्थेने आपले मुख्य कार्यालय नव्या जागेत बांधले, त्या कामाचा हा वृत्तान्त आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील वगळले असले, तरी घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे जशी होती तशीच ठेवली आहेत. आवाराची आखणी आणि झाडे यांबाबत सल्ला देणाऱ्या गटात मी असल्याने संचालक मंडळाच्या बहुतेक चर्चा मला जवळून ऐकता आल्या.

संस्थेचे जुने कार्यालय नदीकडच्या पेठेत, भाड्याच्या दुमजली इमारतीत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावर अनेक दिवस पाणी राहिले, कर्जप्रकरणांच्या फायली भिजल्या आणि त्या वाळवून, पाने सुटी करून पुन्हा लावण्यात कर्मचाऱ्यांचे कित्येक आठवडे गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा कागदपत्रे आधीच वर हलवलेली होती. मात्र आता येथे राहायचे नाही, यावर मंडळाचे एकमत झाले. शहराच्या पूर्वेकडील उंच भागात संस्थेच्या मालकीचा एक भूखंड होता. त्याची रस्त्याकडची बाजू पश्चिमेला आणि अरुंद होती, आतली लांबी मात्र पूर्वेकडे बरीच होती. उत्तरेकडच्या अर्ध्या भागात एक जुनी, डेरेदार चिंच उभी होती आणि तिच्या पलीकडे वापरात नसलेली एक विहीर होती.

मुख्यालयात ऐंशीच्या आसपास माणसे काम करतात. रोखपाल, ठेव विभाग, कर्ज विभाग, सोनेतारण, वसुली, हिशेब आणि संगणक विभाग अशी कामाची विभागणी आहे. वसुलीची माणसे दिवसभर फिरतीवर असतात. बाकीची सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत जागेवरून फारशी हलत नाहीत.

प्रश्न नेमका कोणता होता

मंडळाच्या पहिल्या ठरावात ‘प्रशस्त, आधुनिक व निसर्गपूरक इमारत’ असे शब्द होते. निसर्गपूरक म्हणजे काय, याचा प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा होता. कोणाला गच्चीवर बाग हवी होती, कोणाला प्रवेशद्वाराशी हिरवी भिंत आणि कारंजे, तर कोणाला फक्त सौरऊर्जा अभिप्रेत होती. कर्मचारी जेथे बसतात तेथून त्यांना काय दिसते, हा प्रश्न त्या ठरावात कोठेही नव्हता.

आर्किटेक्टने आराखड्याला हात घालण्याआधी जुन्या कार्यालयात काही दिवस नुसते बसून निरीक्षण केले, आणि माझ्या मते सबंध कामातली सर्वांत मोलाची पायरी हीच होती. पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर एक जुनी लाकडी खिडकी होती. तिच्यातून शेजारच्या परसातला औदुंबर दिसे. त्या वळणावर बसायची सोय नव्हती, वाट अडायची आणि शिपाई सारखे ‘सरका, सरका’ म्हणायचे. तरीही चहाच्या वेळी निम्मा विभाग तेथेच उभा असायचा. कोणीतरी गोदामातली एक मोडकी खुर्ची तेथे आणून ठेवली होती आणि ती कधी रिकामी दिसत नसे. याउलट संस्थेने खर्च करून केलेली उपाहाराची खोली प्रशस्त होती, पण तिला खिडकी नव्हती, आणि तेथे माणसे डबा संपवून लगेच उठत. प्लायच्या पार्टिशनमागे बसणाऱ्या एका रोखपालबाईंनी सांगितले की बाहेर पाऊस सुरू झाल्याचे त्यांना खातेदारांच्या ओल्या छत्र्यांवरून कळते.

त्यामुळे प्रश्नाची मांडणी बदलली. इमारतीत हिरवाई किती असावी, यापेक्षा जो माणूस सर्वांत जास्त वेळ एका जागी बसतो त्याला मान वर केल्यावर झाड, आभाळ आणि बदलता उजेड दिसतो का, हे आराखड्याचे पहिले माप ठरले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुण्यातील व्यापारी इमारतींच्या धर्तीवर होता: रस्त्याकडे पूर्ण उंचीची काच, मध्यवर्ती वातानुकूलन आणि दालनात हिरवी भिंत. रस्त्यावरून इमारत उठून दिसली पाहिजे, त्यातून ठेवीदाराचा विश्वास वाढतो, हा मंडळातील काहींचा आग्रह होता, आणि पतसंस्थांच्या बाबतीत तो मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण येथे रस्ता पश्चिमेला होता. सांगलीत मार्च ते मे या काळात दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन सर्वांत जाचक असते आणि ते छज्जाने अडत नाही. अशा बाजूला काच लावायची, आत आलेली उष्णता वीज जाळून बाहेर काढायची आणि शेवटी पडदे ओढून बसायचे, असा हा व्यवहार झाला असता.

दुसरा पर्याय स्वस्त आणि सरळ होता. भूखंडावर मावेल तेवढी चौकोनी इमारत उभारायची, चिंच काढायची आणि मग आत कुंड्या व गच्चीवर बाग करायची. याच्या समर्थनार्थ कुंड्यांतील झाडे हवा शुद्ध करतात, असे सांगितले गेले. या समजाचे मूळ १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे, परंतु ते प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाले होते. पुढे २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असे दिसले की नेहमीच्या खोलीत हवा खेळती राहण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा पाडायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो झाडे लागतील. कुंडी डोळ्यांना बरी वाटते, हे कारण पुरेसे आहे. हवेच्या शुद्धीकरणाचे काम मात्र खिडकीचेच आहे. चौकोनी इमारतीतील खरी अडचण खिडकीपासून आतपर्यंतच्या अंतराची होती. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड साधारणपणे खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत आत पोचतो. ती उंची २.७ मीटर धरली, तर सहा-साडेसहा मीटरच्या पलीकडे बसणाऱ्याला दिवसभर ट्यूबलाइटखालीच बसावे लागते, आणि त्या आराखड्यात निम्म्याहून अधिक टेबले त्या पट्ट्यात येत होती.

तिसरा पर्याय चिंच मध्ये धरून तीन बाजूंनी अरुंद इमारत उभारण्याचा आणि उत्तरेकडे चौक उघडा ठेवण्याचा होता. प्रत्येक पाख्याची, म्हणजे इमारतीच्या एकेका बाजूची, रुंदी बारा मीटरच्या आत ठेवल्याने दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड मध्यापर्यंत पोचत होता. वाड्याच्या चौकात वावरलेल्या संचालकांना ही रचना समजावून सांगावी लागली नाही. आक्षेप आला तो खर्चाचा. भिंतींची लांबी वाढते, तळमजल्याचे क्षेत्र घटते आणि ‘सभासदांच्या पैशातून झाडाची हौस कशाला’, असा प्रश्न वार्षिक सभेत हमखास विचारला जाईल, असे एका ज्येष्ठ संचालकांनी बजावले. तो प्रश्न रास्तच होता. पतसंस्थेचा पैसा ठेवीदारांचा असतो आणि त्यातील प्रत्येक रुपयाचे कारण सांगता आले पाहिजे.

या टप्प्यावर संशोधनाचा आधार मागितला गेला. रॉजर अलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मंडळापुढे ठेवला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. त्याच वेळी हेही स्पष्ट सांगितले की हा अभ्यास रुग्णांचा आहे, कारकुनांचा नाही, आणि यावरून कामाचा वेग अमुक टक्क्यांनी वाढेल असे लिहून देता येणार नाही. तसा आकडा दिला असता, तर पुढे तोच आकडा संस्थेच्या गळ्यात अडकला असता. मंडळाचे मन वळले ते मुख्यतः दोन गोष्टींनी: जिन्याच्या वळणावरची ती खुर्ची, आणि तिसऱ्या पर्यायात विजेचा खर्च कमी होण्याचा साधा हिशेब.

झाड आणि पाया

चिंच राखण्याच्या बाजूने कायदाही होता. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. असे झाड तोडायचे झाल्यास त्याच्या वयाच्या आकड्याइतकी झाडे भरपाई म्हणून लावावी लागतात. शेजारच्या वयस्कर रहिवाशांच्या सांगण्यावरून ही चिंच त्या वयाच्या कितीतरी पुढे गेलेली होती.

खरी कसोटी मात्र जमिनीची होती. भूखंडावर काळ्या मातीचा जाड थर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोठे झाड मुळांनी ओलावा ओढत असल्याने त्याच्या आसपास हे आक्रसणे आणखी वाढते आणि उथळ पायाच्या भिंती तडकतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुरुवातीला झाड काढा किंवा इमारत लांब न्या, असेच सुचवले, आणि त्यांच्या जागी कोणीही जबाबदार माणूस हेच म्हणाला असता. चर्चेअंती काळा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जाणारे, तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेण्याचे ठरले. काळ्या मातीसाठी अशा पायाची पद्धत रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे. जोत्याच्या तुळयांखाली पोकळी सोडली, म्हणजे माती फुगली तरी ती तुळईला वर ढकलत नाही. पायाचा खर्च वाढला. तो भरून काढण्यासाठी रस्त्याकडची काच आणि हिरवी भिंत दोन्ही रद्द झाल्या.

बांधकामाच्या काळात झाडाला सर्वांत मोठा धोका कुऱ्हाडीचा नसतो. फांद्यांच्या घेराखाली रचलेल्या विटा, तेथून ये-जा करणारे डंपर आणि मिक्सर धुतलेले सिमेंटचे पाणी यांनी मुळांचा श्वास कोंडतो आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळते, तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून घेराच्या कडेने पत्र्याचे कुंपण घातले आणि ते हलवल्यास ठेकेदाराला दंड, अशी अट करारात लिहिली. पाराबाबतही असाच विचार करावा लागला. खोडाला खेटून चौथरा बांधून त्यात माती भरण्याची आपली रीत झाडाला घातक आहे, कारण बुंध्याचा मुळांशी जुळणारा भाग मातीखाली गेला की कुजू लागतो. येथे खोडापासून बरेच दूर, बसता येईल एवढ्या उंचीचा दगडी कट्टा गोलाकार घेतला आणि आतली जमीन मूळ पातळीवर उघडी ठेवली.

खिडकी कोणाला

पश्चिमेचा प्रश्न अनपेक्षितपणे सोपा सुटला. स्ट्राँगरूम, दप्तरखाना, जिना आणि स्वच्छतागृहे यांना खिडक्या नको असतात किंवा लहान चालतात; ती सर्व पश्चिमेच्या पाख्यात नेली. जाड भिंतींच्या या खोल्यांनी दुपारचे ऊन अंगावर घेतले आणि आतली कामाची दालने सावलीत राहिली. वारा मात्र सांगलीत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पश्चिमेकडूनच येतो, तो पूर्ण अडू नये म्हणून जिन्याच्या भिंतीला विटांची जाळी ठेवली. दक्षिणेच्या खिडक्यांना छज्जा पुरेसा होता. सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला झुकतो, तेव्हा चौकातल्या खिडक्यांनाही छोटा छज्जा लागला. पुढच्या बाजूला करंज लावले, कारण त्याला उन्हाळ्यात भर पालवी असते. बहाव्याची मागणी खूप होती. पण तो नेमका कडक उन्हात निष्पर्ण होऊन फुलतो, म्हणून त्याला सावलीच्या कामाला न लावता चौकाच्या कडेला, ताम्हण आणि पारिजातकाच्या सोबतीला जागा दिली.

सर्वांत अवघड बैठक चौकाकडची जागा कोणाला द्यायची, यावर झाली. पहिल्या आराखड्यात चिंचेसमोर अध्यक्षांचे दालन आणि सभागृह होते. अध्यक्ष आठवड्यातून काही तास येतात आणि मंडळाची सभा महिन्यातून एकदा होते. आर्किटेक्टने प्रत्येक जागेवर माणूस दिवसाला किती वेळ बसतो, याचा तक्ता भिंतीवर लावला आणि त्यावर काहीच भाष्य केले नाही. थोड्या वेळाने अध्यक्षांनी स्वतःच सांगितले, ‘माझी केबिन दक्षिणेला टाका, इथे ठेव आणि कॅश विभाग बसू दे.’ एखादा अध्यक्ष नकार देता, तर प्रकरण तेथेच अडकले असते. ज्या संस्थेत असा तक्ता लावण्याची सोय नसेल, तेथे ही चर्चा आराखडा होण्याआधी, नकाशावर कोणाचे नाव नसताना केलेली बरी.

पाण्याविषयी

चौकात छोटे तळे असावे, अशी आर्किटेक्टची कल्पना होती. पाण्याजवळ मन निवते, हे बहुतेक ठिकाणी खरे असेल. परंतु कर्मचाऱ्यांपुढे नकाशा ठेवला, तेव्हा ठेव विभागातील दोघी-तिघींनी स्पष्ट विरोध केला. त्यांच्या घरांत २०१९ मध्ये पाणी शिरले होते, आणि दारात साचलेले पाणी रोज बघायची त्यांची तयारी नव्हती. निसर्गाशी नाते जोडण्याच्या आराखड्यात त्या गावाला निसर्गाने काय दाखवले आहे, हेही धरावे लागते. शिवाय डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो, म्हणजे नेमका कार्यालयाच्या वेळात.

तळे रद्द झाले. त्याऐवजी छपराच्या कडेने पागोळ्या मोकळ्या सोडून खाली उतरती दगडी पन्हळ केली, जी फक्त पावसात वाहते आणि पाणी गाळणीतून जुन्या विहिरीत नेते. पायाजवळच्या काळ्या मातीत ते मुरू नये, म्हणून पन्हळीचे सांधे घट्ट भरले. पाऊस आला की आता सबंध ठेव विभागाला तो दिसतो आणि ऐकूही येतो, आणि थांबला की पाणीही निघून जाते. सूचना म्हणून आलेल्या या बदलाचा परिणाम मूळ कल्पनेपेक्षा चांगला झाला, असे मला वाटते.

परिणाम

कार्यालय सुरू झाल्यावर उपाहाराच्या खोलीपेक्षा कट्ट्यावर डबे जास्त उघडू लागले. निवृत्तिवेतनाची किंवा ठेवीच्या व्याजाची रक्कम घ्यायला आलेले ज्येष्ठ खातेदार काम झाल्यावरही तेथे बसून राहतात. सोनेतारणाच्या सुरक्षेसाठी हे योग्य नाही, अशी रखवालदाराची तक्रार आल्यावर कट्ट्याची आणि सोनेतारणाच्या दाराची वाट वेगळी करण्यात आली. चिंचा धरतात त्या दिवसांत पोपटांचा गलका चालतो आणि त्याबद्दल फोनवर बोलणाऱ्यांची कुरकुर असते. तळमजल्यावर हिवाळ्यात आणि पावसाळ्यात दिवसाचे बरेच तास एसी बंद असतो. उन्हाळ्यात तो लावावाच लागतो.

सगळेच ठरल्यासारखे झाले नाही. पूर्वेच्या पाख्यात सकाळी संगणकाच्या पडद्यावर ऊन यायचे, म्हणून लोकांनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि ऊन सरल्यावरही ते पुन्हा कोणी उघडले नाहीत. काही महिने त्या दालनात चौक असूनही ट्यूबलाइट दिवसभर चालू होत्या. टेबले खिडकीला काटकोनात फिरवली आणि पडदा खिडकीच्या खालच्या भागापुरताच ठेवला, तेव्हा हा प्रश्न मिटला. डासांच्या जाळ्या अंदाजपत्रकात धरलेल्या नव्हत्या. पहिल्या पावसाळ्यात त्यामुळे खिडक्या बंद राहिल्या, आणि जाळ्या बसवल्यावरच त्या उघडल्या. चिंचेचा बारीक पाला गच्चीच्या पाइपांच्या तोंडावरील लोखंडी जाळीतून आत गेला, खाली वळणावर साचला आणि एका रात्रीच्या पावसात गच्चीवर घोट्याएवढे पाणी राहिले. जाळी आणखी बारीक केली असती, तर ती वरच तुंबली असती. शेवटी तोंडाशी उंच, टोपलीसारख्या जाळ्या बसवल्या आणि जून ते सप्टेंबर दर शनिवारी गच्ची झाडण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे सोपवले. त्याच फेरीत कुंड्यांखालच्या थाळ्याही रिकाम्या करून कोरड्या केल्या जातात; डासाची अळी पूर्ण वाढायला आठवडाभर लागत असल्याने आठवड्याची ही पाळी चुकवता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

फर्निचरचा आराखडा इमारतीनंतर वर्षभराने, दुसऱ्या ठेकेदाराकडून झाला. टेबलाची दिशा, पडद्याचा प्रकार आणि खिडकीच्या कठड्याची उंची ही एकाच नकाशावर ठरली असती, तर पूर्वेच्या दालनातील त्रास टळला असता. एखाद्या जागेचा नमुना पुठ्ठे लावून उभा करायचा आणि सकाळी दहाला तेथे कोणाला तरी बसवून बघायचे, एवढेही पुरले असते. देखभालीसाठी वार्षिक तरतूद सुरुवातीलाच ठरावात यायला हवी होती. माळ्याचा पगार कोणत्या खात्यातून द्यायचा, यावर पहिले वर्ष गेले आणि तेवढ्या काळात नव्याने लावलेल्या झाडांपैकी काहींची आळीही नीट राहिली नाहीत.

याहून गंभीर उणीव जागेच्या वाटपात राहिली. प्रत्येक जागेवर माणूस किती वेळ बसतो, याच्या तक्त्यात पगारपत्रकावरची माणसे होती. सफाई करणाऱ्या बायका, रखवालदार आणि चालक ठेकेदारामार्फत येत असल्याने त्यांची नावे त्यात आलीच नाहीत, आणि त्यांची विश्रांतीची खोली पश्चिमेच्या पाख्यात, दप्तरखान्याच्या शेजारी, खिडकीविना राहिली. आवाराची निगा जे राखतात, पाला जे झाडतात, त्यांनाच बसल्या जागेवरून त्यातले काही दिसत नव्हते. ही बाब एका सफाई कामगार बाईंनी गच्ची झाडण्याच्या पाळीविषयीच्या बोलण्यात सहज काढली. त्यानंतर इंजिनिअरने पाहणी केली. खोलीची चौकाकडची भिंत भार घेणारी नसून केवळ भरावाची आहे, त्यामुळे ती फोडून रुंद खिडकी बसवता येते, असा अहवाल त्यांनी दिला आहे. मंडळाने त्या खर्चाला मंजुरी दिली असून ठेकेदारामार्फत येणाऱ्यांसह सर्वांच्या जागांचा नवा तक्ता तयार करण्यास सांगितले आहे. शाखांच्या नूतनीकरणासाठीही तोच तक्ता वापरला जाणार आहे.